उसन्या छपराखालचं न्यायालय

मोरजीहून चोपडेंचा पूल ओलांडला की शापोरा नदीबरोबर पेडणेही मागे पडतं. शिवोली, म्हापसा, पर्वरी करत मी पणजीच्या आल्तिनोवर पोचतो तो कोर्टाची जुनी वास्तू बघायला. पण टेकडी चढतानाच माझं मत पक्कं होत जातं : गोव्यातल्या न्यायाचा इतिहास इमारतींत शोधू नये. रेलासांव, म्हणजे इथलं वरिष्ठ न्यायालय, १५४४ चं. पेडणे पोर्तुगिजांकडे आलं १७८८ साली, म्हणजे सुमारे अडीचशे वर्षांनी. या तालुक्याला न्याय भेटला तो दगडात नव्हे, कागदात. १८६७ ची नागरी संहिता १८७० पासून इथे लागू झाली, आणि १८८० मध्ये हिंदूंच्या चालीरीतींना वेगळी लेखी मान्यता मिळाली.

आल्तिनोवरचं लिसेउ तर मुळात विद्यालयच. मुंबई उच्च न्यायालयाचं खंडपीठ ऑक्टोबर १९८२ मध्ये स्थापन झालं आणि पुढे या लिसेउ संकुलातच नांदलं. त्याच न्यायालयाची मुंबईतली इमारत मात्र खास कोर्टासाठी, फुलरच्या आराखड्याने १८७१ ते १८७८ मध्ये बांधलेली, वर न्याय आणि दया यांचे पुतळे. आल्तिनोवर असा डौल नसला, तरी काही अडत नाही. एका टोकाला उंच चौथरा, समोर ऐकणाऱ्यांची बाकं, बाहेर थांबायला व्हरांडा : वर्गाला लागतं तेच न्यायदालनाला लागतं. फायलींचे गठ्ठे ठेवायला जागा शोधताना मात्र शाळा उणी पडते.

कुणी म्हणेल, मग २०२१ च्या मार्चमध्ये पर्वरीला नवी इमारत कशाला? ती गरजेचीच होती. तारखेला आलेल्या पक्षकाराला बसायला जागा हवी, ही काही शोभेची बाब नव्हे. विधानसभाही आदिलशहाच्या वाड्यातून २००० साली पर्वरीलाच गेली. पण छप्पर बदललं म्हणून आतलं सारं बदलतं, हे मला पटत नाही. नागरी संहितेतला वारसाहक्काचा भाग राज्याने २०१२ च्या कायद्यात नव्याने बांधला, तरी वेगळा करार नसेल तर नवरा-बायकोची मालमत्ता समाईक, हे जुनं तत्त्व राहिलंच. मोरजीतल्या जमिनीच्या आजच्या भावात त्या अर्ध्या वाट्याचं मोल काय, ते विकायला निघालेल्या नवऱ्याला बायकोची सही घेताना बरोबर कळतं.