आडवी बाटली आणि गुळाचा ओल्ड फॅशन्ड

परभणी जिल्ह्यात दारूची ठिकाणं तीन प्रकारची. पहिलं 'देशी दारूचे दुकान'. बाहेर सरकारमान्य पाटी, आत जाळी आणि जाळीमागे माणूस. दुसरं परमिट रूम. तिच्या नावाला बहुधा 'फॅमिली गार्डन' असं शेपूट जोडलेलं असतं, पण तिथे फॅमिली क्वचितच दिसते. तिसऱ्या ठिकाणाला पाटी नसते. ते ओढ्याच्या काठाला बाभळीत असतं आणि त्याचा पत्ता सगळ्या गावाला ठाऊक असतो. माझी काकू यांपैकी एकाच्याही आत कधी गेलेली नाही. पण तिची गेली बारा-तेरा वर्षं या तिघांशी भांडण्यात गेली आहेत.

आमचं गाव गंगाखेड तालुक्यात. मी अकरावीला परभणीत होतो तेव्हा माझे धाकटे काका गेले. आम्ही त्यांना नाना म्हणायचो. छत्तीस वर्षांचे होते. आधी पोट फुगलं, मग डोळे पिवळे झाले, मग नांदेडच्या वाऱ्या. नानांच्या तेराव्यानंतर मोठ्या काकांनी माळ घातली आणि वारी धरली. काकूने बायका गोळा करायला सुरुवात केली.

महाराष्ट्रात गावातलं दारूचं दुकान बंद करायची एक रीतसर वाट आहे. गावातल्या पंचवीस टक्के महिला मतदारांनी सह्यांनिशी मागणी केली की गुप्त मतदान होतं. मतपत्रिकेवर दोन चित्रं असतात, उभी बाटली आणि आडवी बाटली. दुकान हवं असेल तर उभी, नको असेल तर आडवी. अक्षर न येणाऱ्या बाईलाही कळावं इतकं सोपं. अवघड भाग पुढे आहे. आडवी बाटली जिंकायला मतदानाला आलेल्यांपैकी नव्हे, तर यादीतल्या एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून अधिक मतं लागतात. म्हणजे जी बाई आली नाही, तिचं मत आपोआप उभ्या बाटलीला.

आमच्या गावात मतदान पौषात झालं. आलेल्या दहा बायकांमधल्या नऊ जणींनी आडवी निवडली. तरी ठराव पडला. कारण दिवाळीनंतर अर्धा गाव उसाच्या तोडीला जातो. कोयते, लेकरं, गाढवं, सगळं ट्रॅक्टरवर लादून पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात. नवऱ्याची उचल दारूत जाते म्हणून ज्यांना दुकान सर्वांत जास्त नको होतं, त्याच नेमक्या फडात होत्या.

मागच्या वर्षी काका-काकू पुण्याला आले. चुलत बहिणीला इथे नोकरी लागली, तिची खोली बघायला. नांदेड-पनवेल गाडीने आले, सोबत पोतंभर ज्वारी आणि शेंगा. दोन दिवसांत शनिवारवाडा झाला, दगडूशेठ झाला, आळंदी झाली. तिसऱ्या दिवशी काकू म्हणाली, "तू सुट्टीच्या दिवशी दोस्तांसंगं जातूस ना, ती जागा दाखव मला."

बहिणीने माझ्याकडे पाहिलं. घरात मी पितो हे सगळ्यांना माहीत होतं आणि कुणीही कधी बोललं नव्हतं.

"काकू, तो बार आहे."

"म्हाईत हाय. इतकी वर्सं भांडायले, पर आत मान्सं करतेत तरी काय ते बगितलंच नाही एकदाबी."

काका खोलीवर थांबतील असं वाटलं होतं. ते टोपी घालून सगळ्यांत आधी दारात उभे.

कल्याणीनगरमधल्या त्या जागेत दहा-बारा टेबलं आणि एक लांब लाकडी काउंटर आहे. काकूने काउंटरचीच उंच खुर्ची निवडली. नऊवारी सावरत ती वर चढली तेव्हा शेजारच्या दोन मुलींनी पर्स बाजूला घेऊन तिला जागा दिली. त्या दोघीच आल्या होत्या. काकू त्यांच्याकडे बराच वेळ बघत राहिली.

मेन्यू मी वाचून दाखवला. गवती चहा, कोकम, जांभूळ, भाजलेलं अननस. मग एक नाव आलं : गुळाचा ओल्ड फॅशन्ड. काकूने मान वर केली.

"गूळ?"

आमच्याकडे गूळ आणि दारू हे दोन शब्द एका वाक्यात आले की हातभट्टी. काळा गूळ, नवसागर, पाण्यात कुजवत ठेवलेलं रसायन, पत्र्याचा डबा. काकूने बाभळीतली अशी पिंपं स्वतः लाथेने उलथवली आहेत. काउंटरमागचा मुलगा सिक्कीमचा होता. तिने त्याला आमच्या परभणीच्या हिंदीत विचारलं, "इसमें नवसागर नहीं डालते क्या?" त्याला नवसागर माहीत नव्हता. त्याने तिला गुळाचा पाक, व्हिस्की आणि बिटर्सची बाटली अशा तीन गोष्टी ओळीने मांडून दाखवल्या.

मी तोच मागवला. कॉकटेल या शब्दाची सर्वांत जुनी छापील व्याख्या न्यूयॉर्क राज्यातल्या हडसन गावच्या वर्तमानपत्रात १८०६ साली आली : दारू, साखर, पाणी आणि बिटर्स. ओल्ड फॅशन्ड म्हणजे तेच, जुन्या पद्धतीचं. साखरेच्या जागी गूळ आला एवढाच फरक. बिटर्सची सर्वांत प्रसिद्ध बाटली व्हेनेझुएलातल्या अंगोस्तुरा गावी एका जर्मन लष्करी डॉक्टरने १८२४ साली सैनिकांच्या पोटासाठी औषध म्हणून बनवली. हे मी काकूला सांगितलं आणि मोबाइलवर माझा मद्यपरवानाही दाखवला. १९४९ चा दारूबंदी कायदा महाराष्ट्रात अजून लागू आहे, म्हणून प्यायला परवाना लागतो आणि तो मिळतो आरोग्य टिकवण्यासाठी. परमिट रूममधलं परमिट ते हेच.

"तब्येतीसाठी?" काकू इतकी मोठ्याने हसली की काकांनीही मेन्यूवरून नजर काढली. "नानाला सांगायला पायजे हुतं."

नानांचं नाव घरात असं सहज निघत नाही. आम्ही सगळेच थोडा वेळ गप्प बसलो.

बहीण चोवीस वर्षांची. आपल्याकडे बिअरला एकवीस आणि कडक दारूला पंचवीस असा नियम आहे, त्यामुळे तिला कोकम-सोडा. काकांना गवती चहाचं बिनदारूचं काहीतरी दिलं, त्यांनी ते बशी नाही म्हणून फुंकर मारत मारत प्यायलं, थंड असूनही.

काकूचं लक्ष त्या मुलाच्या हातावर होतं. तो प्रत्येक वेळी मापट्याने मोजत होता, साठ मिली, थेंब सांडू न देता. मग बर्फावर ओतून लांब चमच्याने ढवळत होता. या ढवळण्याचा हेतू दारू थंड करणं एवढाच नसतो. बर्फ वितळून त्यात ठरावीक पाणी मिसळावं लागतं, कमी पडलं तर जळजळतं, जास्त झालं तर पाणचट. ग्लासात एकच मोठा, काचेसारखा बर्फाचा ठोकळा, कारण मोठा तुकडा हळू वितळतो. कुणी न मागता तो आमचे पाण्याचे ग्लास भरत होता. काकूने ग्लास उचलून वास घेतला आणि परत ठेवला.

"केवढ्याला?"

"साडेसातशे."

"म्हंजी अडीच रोज." निंदणीला बाईचा रोज तीनशे. ती रागावली नव्हती, हिशेब करत होती. "आन् देशीची क्वार्टर एवढ्यात किती येतील? दोन्हीत कडक कोणती?"

या प्रश्नाचं उत्तर मला माहीत होतं, कारण नाना गेल्यावर मी ते शोधलं होतं. देशी दारूच्या बाटलीवर आणि भारतीय व्हिस्कीच्या बाटलीवर बहुधा एकच आकडा असतो, ४२.८ टक्के. देशी पूर्ण आणि स्वस्त व्हिस्की बरीचशी, दोन्ही बहुतेक वेळा साखर कारखान्याच्या मळीपासून काढलेल्या स्पिरिटच्याच. म्हणजे आमच्या गावातल्या बायका ज्या उसासाठी मतदान चुकवून गेल्या, त्याच उसाची मळी बाटलीत भरून गावात परत आली.

मी हे सांगितल्यावर काकू काही बोलली नाही. काकांनी विचारलं, "मंग फरक कशाचा?"

उत्तर काकूनेच दिलं, पण बऱ्याच वेळाने. "हितं मोजून देतेत. पानी देतेत. खायाला देतेत. बसायला खुर्ची हाय, बाया हायेत, सगळ्यास्नी उद्या कामावर जायचंय. नाना उभ्यानं प्यायचा. जाळीतून घेतली, तिथंच घशात घातली, पैसे संपले की बाभळीत गेला. त्याला कुनी बसा म्हनलं नाही."

मला यावर एक मुद्दा मांडायचा होता, की चांगल्या खुर्चीतही माणसं बुडतात. मी कंपनीत अशी दोन-तीन पाहिली आहेत. त्यांना कुणी दारुडा म्हणत नाही, 'त्याचं जरा जास्त होतं' म्हणतात. मी तो मांडलाही. काकू म्हणाली, "बुडत असतील. पर त्यांच्या बायकांच्या हातात पगार तरी असंल."

बंदी करून काय होतं याची उदाहरणंही याच राज्यात आहेत. वर्धा १९७५ पासून कोरडा, गडचिरोली १९९३ पासून. चंद्रपुरात २०१५ ला बंदी आली आणि २०२१ ला उठली. मुंबईत मालवणीला २०१५ मध्ये विषारी दारूने शंभरावर माणसं गेली, आणि मुंबईत तर बंदी नव्हतीच. मी हे सगळं वाचून गोंधळलेला माणूस आहे. दुकान बंद झालं तर बाभळीतलं वाढेल असं मला वाटतं. काकूला हे मान्य आहे. तिचं म्हणणं एवढंच, की बाभळीत जायला अर्धा कोस चालावं लागतं, आणि दुकान शाळेच्या वाटेवर आहे.

बिल बहिणीने भरलं, पहिल्या पगारातलं. काकूने नको म्हटलं नाही. उतरताना त्या मुलाला तिने विचारलं, घरी आई आहे का, पैसे पाठवतोस का. तो हो म्हणाला.

रिक्षात काका झोपले. काकू माझ्याकडे न बघता म्हणाली, "तू पितूस ते मला पटत नाही. पर आता तू कुठं असतूस ते बगितलं. रात्री फोन लागला नाही तर तेवढं डोळ्यासमोर येईल."

मी पिणं सोडलेलं नाही. तिने परत विषय काढलेला नाही.

यंदा वैशाखात तिचा फोन आला. गावात पुन्हा सह्या गोळा होत आहेत, आणि या वेळी बायकांनी ठरवलंय की मतदान श्रावणात मागायचं, तोडीची माणसं घरी असताना. तिने मतदार यादीच्या पानांचे फोटो पाठवले, तिरपे, काहींवर अंगठ्याची सावली. मी त्या नावांची एक्सेल शीट करतोय. अनुक्रमांक, नाव, वस्ती, फोन कुणाच्या घरी लागतो. शेवटचा रकाना काकूने सांगितला म्हणून घातलाय : तोडीला कधी जाते, परत कधी येते. काल रात्रीपर्यंत बौद्धवाडा आणि तांडा झाला. गावठाण राहिलंय.