चिठ्ठी कोणाच्या नावाची?

शनिवार, देवनार

बकरी ईदच्या तोंडावर इथल्या कत्तलखान्याच्या आवारात बोकडांचा एवढा बाजार भरतो की चालायला वाट मिळत नाही. सध्या मात्र गडबड आहे ती मलंगगडावरच्या माघी पौर्णिमेच्या उरुसाची. शेजारच्या काकू मलंगबाबांचा नवस फेडायला निघाल्यात. सोबत त्यांचा मुलगा. त्याच्या लेखी मलंगगडावर मच्छिंद्रनाथांची समाधी आहे. मायलेकांत यावरून वाद नाही. नारळ एकाच पिशवीत, चादर आणि भगवी पताकाही त्यातच. गोवंडीहून कुर्ला, मग कल्याणची स्लो.

रविवार, मलंगगड

कल्याणहून रिक्षाने पायथा गाठला. पायऱ्या दम काढतात. बाजूला फ्युनिक्युलरचे रूळ डोंगरावर चढत गेलेले दिसतात. पौर्णिमेमुळे पोलिसांचा बंदोबस्त कडक. दर्गा पीरमाचीवर, बालेकिल्ला त्याच्याही वर. दर्ग्याची परंपरा सांगते, की बाराव्या शतकात येमेनहून हाजी अब्दुल रहमान, म्हणजेच मलंगबाबा, आले आणि इथल्या नळराजाने त्यांना आपली मुलगी दिली. तिची कबर त्यांच्या शेजारीच आहे.

१७८०मध्ये इंग्रजांनी गडाला वेढा घातला. ते गेले ती बाबांची कृपा, असं मानून पेशव्यांनी काशीनाथपंत केतकर या कल्याणच्या ब्राह्मणाबरोबर मोत्यांनी मढवलेली जरीची चादर पाठवली. पंतांनी पडक्या कबरीची डागडुजी केली आणि कारभारही हाती घेतला. पुढे आसपासच्या मुसलमानांनी हरकत घेतली: दर्ग्याचा कारभार ब्राह्मणाकडे का? १८१७ साली कलेक्टरने ठरवलं, की बाबांची इच्छा चिठ्ठ्या टाकून पाहावी. तीनदा टाकल्या, तिन्ही वेळा केतकरांच्या माणसाचं नाव निघालं.

तेव्हा कबर कोणाची, हा प्रश्नच नव्हता; तंटा कारभाराचा होता. १९६८मध्ये सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलेला केतकरांचा खटलाही तसाच, जमीन केतकरांची खासगी की दर्ग्याची. न्यायालयाने ती दर्ग्याची ठरवली. मधल्या दीडशे वर्षांत न विचारलेला प्रश्न १९८०च्या दशकात शिवसेनेच्या आनंद दिघ्यांच्या आंदोलनाने विचारला: हा दर्गा की नाथांचं ठाणं? जानेवारी २०२४मध्ये मुख्यमंत्री एकनाथ शिंदे यांनीही गडाच्या ‘मुक्ती’ची भाषा केली. काकूंनी चादर चढवली, मुलाने नारळ फोडला. घोषणा सुरू झाल्या तसे आम्ही उतरू लागलो.

सोमवार, दुर्गाडी

परतीच्या वाटेवर कल्याणच्या खाडीकाठचा दुर्गाडी किल्ला पाहिला. देवीचं देऊळ आणि ईदगाहची भिंत एकाच आवारात. बकरी ईदच्या नमाजाच्या वेळी देवळाकडची वाट बंद होते, म्हणून शिवसैनिक घंटानाद करत आलेत. १९७६पासूनच्या दाव्याचा निकाल डिसेंबर २०२४मध्ये लागला: जागा सरकारची. सातबाऱ्याचा प्रश्न न्यायालयाने सोडवला, पण ईदच्या सकाळी घंटा वाजवायची की नाही, हे दरवर्षी पोलिसांनाच ठरवावं लागतं.

मलंगगडावरची कलेक्टरची चिठ्ठ्यांची युक्ती आज कोणी खपवून घेणार नाही. पण तिच्यात एक शहाणपण होतं. कौल बाबांचा म्हटल्यावर हरलेल्यालाही बाबांपुढे हात जोडायची सोय राहते. निकालपत्र एका बाजूला हरवतं आणि अपिलाला धाडतं.

पुढचा मुक्काम मढी, तालुका पाथर्डी. तिथे कानिफनाथ आहेत आणि त्यांनाच शाह रमजान म्हणणारे भक्तही.