बाटलीबरोबरचा कागद

शाळेच्या वार्षिकासाठीं कांहीं लिहून पाठवावें असें संपादक गुरुजींचें पत्र आलें, तेव्हां वसतिगृहांतील आठवणी लिहाव्या असें प्रथम मनांत आलें होतें. त्या लिहावयास सोप्या व वाचावयास गोड. परंतु लिहावयास बसलों आणि आठवणी मागें राहून एक चुरगळलेला कागदच डोळ्यांपुढें येऊं लागला. हा कागद कीटकनाशकाच्या खोक्यांतला. त्याची हकीकत मला भूषणावह नाहीं. तरी ज्या शाळेनें मला वाचावयास शिकविलें, तिच्याच पानांवर ती सांगून टाकावी हें बरें.

आमचें गांव वरोरा तालुक्यांत, वर्धा नदीपासून फारसें दूर नाहीं. नदीच्या पलीकडे यवतमाळ जिल्ह्यांतील वणीचा मुलूख. दोन्ही तीरांवर काळी जमीन व दोन्ही तीरांवर पऱ्हाटी. पूर्वेकडे जावें तसतशी ही काळी जमीन सरत जाते, धानाच्या बांध्या लागतात, आणि वैनगंगा ओलांडली कीं गडचिरोलीचें रान सुरू होतें. माझे मामा भूमिहीन मजूर. उन्हाळ्यांत ते तेंदूपानें तोडावयास पूर्वेकडील जंगलांत जात व पावसाळ्यांत पऱ्हाटीवर फवारणी करीत. फवारणीचा हिशेब दिवसावर नसतो, पंपावर असतो. जितके पंप मारले तितके पैसे. म्हणून फवारणारा मनुष्य विसावा घेत नाहीं, आणि तोंडाला बांधलेला दुपट्टा घामानें व औषधानें भिजला तरी तो सोडून वाळविण्यास थांबत नाहीं.

सन २०१७ चा पोळा होता. मी त्या वेळीं चंद्रपुरास महाविद्यालयांत शिकत होतों व सणासाठीं घरीं आलों होतों. त्या वर्षीं पऱ्हाटी विलक्षण उंच झाली होती. माणूस आंत शिरला कीं वरून त्याची टोपीच काय ती दिसे. ज्या बीटी वाणावर बोंडअळी येणार नाहीं म्हणून लोकांनीं भरंवसा ठेवला होता, त्याला गुलाबी बोंडअळी आतां जुमानीत नव्हती. जो तो दोन-तीन औषधें एकत्र कालवून फवारीत होता. सायंकाळीं मामा आमच्या ओट्यावर येऊन बसले. त्यांनीं खिशांतून एक घडी केलेला कागद काढून माझ्यापुढें धरला व म्हणाले, "याच्यात का लिवलं आहे रे?"

मीं घडी उलगडली. कागद वर्तमानपत्राच्या पानाएवढा, आणि अक्षरें मोहरीच्या दाण्याहून लहान. इंग्रजी, हिंदी, आणखी दोन-तीन भाषा. मी वर वर नजर फिरवून म्हणालों, "कंपनीची जाहिरात आहे, मामा."

खरें सांगावयाचें तर माझें लक्ष दुसऱ्या हातांतील मोबाइलकडे होतें. शिकलेल्या भाच्याच्या शब्दावर अविश्वास दाखविण्याचें मामांस कारण नव्हतें. त्यांनीं तो कागद पुन्हां नीट घडी करून घेतला (छापील कागद फेंकून देऊं नये अशी त्यांची समजूत होती) आणि घरीं जाऊन आढ्याला खोंचून ठेवला.

दसरा झाल्यानंतरची गोष्ट. पलीकडच्या तीरावरील एका वावरांत मामा सकाळपासून फवारीत होते. दुपारीं त्यांना अंधारी येऊं लागली, अंगाला पाण्यासारखा घाम सुटला, तोंडांतून लाळ गळूं लागली व ओकाऱ्या सुरू झाल्या. सोबत्यांनीं त्यांस धुऱ्यावर निजविलें, उन्ह लागलें असें समजून डोक्यावर पाणी ओतलें. अंगावरचे भिजलेले कपडे मात्र तसेच राहूं दिले. मला निरोप मिळून मी रुग्णालयांत पोंचलों तों रात्र झाली होती. मामांचे डोळे उघडे होते, परंतु मी समोर उभा असतां "कोण आहे?" असें ते विचारीत होते.

डॉक्टरांनीं पहिला प्रश्न केला, "औषध कोणतें होतें? बाटली आणली आहे का?" बाटली वावरांतच राहिली होती. सोबती म्हणाला, "लाल बुचाची होती." डॉक्टर कांहीं बोलले नाहींत. पुढें पुष्कळ दिवसांनीं मीं या प्रश्नाचा अर्थ नीट समजून घेतला. मोनोक्रोटोफॉससारखीं कांहीं कीटकनाशकें शरीरांतील कोलिनेस्टरेज नांवाच्या द्रव्यास निकामी करतात. मज्जातंतूंतून निघालेला संदेश पोंचल्यावर तो पुसून टाकावयाचें काम या द्रव्याचें. तें बंद पडलें कीं संदेश थांबतच नाहीं. घाम, लाळ, डोळ्यांतील पाणी वाहातच राहातें, बाहुली टांचणीच्या टोकाएवढी होते, आणि शेवटीं श्वास चालविणारे स्नायु थकतात. यावर ॲट्रोपिन हा उतारा आहे. परंतु सर्वच कीटकनाशकें या जातीचीं नसतात, आणि कांहींना तर नेमका उताराच नाहीं. दोन-तीन मिसळलेलीं असलीं म्हणजे वैद्याला अंधारांतच चाचपडावें लागतें. मामांच्या बाबतींत डॉक्टरांनीं डोळ्यांच्या बाहुल्या पाहून ॲट्रोपिन सुरू केलें व तें लागू पडलें. आठव्या दिवशीं मामा घरीं आले. दृष्टि हळूहळू परतली. पायांस मात्र अजून मुंग्या येतात.

सर्वांचे मामा परतले नाहींत. त्या एका हंगामांत एकट्या यवतमाळ जिल्ह्यांत फवारणीच्या विषबाधेनें २० हून अधिक माणसें दगावलीं व ८०० हून अधिक रुग्णालयांत दाखल झालीं. नोव्हेंबर २०१७ मध्यें राज्य सरकारनें विदर्भाच्या पश्चिमेकडील पांच जिल्ह्यांत पांच प्रकारच्या औषधांच्या विक्रीवर ६० दिवसांची बंदी घातली. तोंपर्यंत हंगामांतील बहुतेक फवारण्या आटोपल्या होत्या.

मामा घरीं आल्यावर मीं आढ्याचा तो कागद काढला व रात्रीं दिव्याखालीं सबंध वाचला. मराठी मजकूर होता. मागल्या बाजूस, एका कोपऱ्यांत. वाऱ्याच्या विरुद्ध दिशेनें फवारूं नये. अंगावर सांडल्यास कपडे ताबडतोब काढून साबणानें धुवावें. विषबाधेचीं लक्षणें अमुक. उतारा ॲट्रोपिन. डॉक्टरांस हा कागद दाखवावा. धुऱ्यावर मामांस निजविणाऱ्यांना जें जें माहीत असावयास हवें होतें, तें सर्व त्यांत होतें. आणि डॉक्टरांना हवें असलेलें नांव तर शीर्षकांतच होतें.

हा कागद कांहीं दुकानदाराच्या मर्जीनें बाटलीबरोबर येत नाहीं. १९६८ चा कीटकनाशक कायदा व त्याखालील १९७१ चे नियम यांनीं तो घालावयास लाविला आहे, आणि जेथें माल विकला जाईल तेथल्या भाषेंतहि मजकूर असावा असें म्हटलें आहे. बाटलीवर चौकोन उभा करून त्याच्या खालच्या अर्ध्यांत रंग द्यावयाचा तोहि याच नियमांनीं ठरविलेला: सर्वांत जहाल विषास लाल, मग पिवळा, निळा व शेवटीं हिरवा. म्हणजे निरक्षरासहि कळावें अशी सोय आहे. मात्र लाल-हिरव्याचा अर्थ त्याला कोणी तरी सांगितलेला असला पाहिजे. फवारणाऱ्या मजुरास मालकानें संरक्षक कपडे द्यावे असेंहि नियम सांगतात. आतां आमच्याकडचा मालक म्हणजे चार एकरांचा कास्तकार. कायदा त्याला मालक म्हणतो, बँक त्याला थकबाकीदार म्हणते. शिवाय आश्विनाच्या उन्हांत, डोक्याएवढ्या पऱ्हाटींत, रबरी अंगरखा घालून पंप मारून पाहावा म्हणजे नियम करणारांस त्यांतील अडचण कळेल. मी हें कास्तकाराचा किंवा मजुराचा दोष झांकण्यासाठीं लिहीत नाहीं. माझा दोष मात्र यांतील कोणत्याहि अडचणींत बसत नाहीं. मला अक्षर येत होतें, दिवा होता, आणि वेळहि होता.

त्यानंतर मी या विषयावर मिळेल तें वाचूं लागलों, तेव्हां केरळांतील कासरगोड जिल्ह्याची हकीकत हातीं आली. आमचा मजूर निदान विष स्वतःच्या पाठीवर घेतो. तेथें तें लोकांच्या डोक्यावर आकाशांतून पडलें. तेथें सरकारी लागवड महामंडळाच्या साडेचार हजारांहून अधिक हेक्टर काजूच्या बागा आहेत. काजूवरील ढेकण्या मारण्यासाठीं १९७० नंतरच्या दशकाच्या अखेरीपासून २००० सालापर्यंत, दरवर्षीं दोन-तीनदां, हेलिकॉप्टरमधून एंडोसल्फान फवारीत. बागा टेंकड्यांवर आणि घरें, शाळा, विहिरी उतारावर. पुढें त्या गांवांतून जन्मतः अपंग मुलें व मज्जातंतूंचे विकार यांची दुःखद कहाणी देशभर गेली. अहमदाबादच्या राष्ट्रीय व्यावसायिक आरोग्य संस्थेनें पद्रे येथील शाळेंतल्या मुलांचें रक्त तपासलें तेव्हां त्यांत एंडोसल्फानचे अंश सांपडले. शाळकरी मुलांच्या रक्तांत! लीलाकुमारी अम्मा या कृषि खात्यांतच नोकरीस होत्या व त्यांचें घर एका बागेशेजारीं होतें. १९९८ सालीं त्या होसदुर्गच्या मुन्सफ न्यायालयांत गेल्या व त्यांनीं हवाई फवारणीस मनाई मिळविली. खालच्या दर्जाचें एक न्यायालय आणि एक स्त्री. परंतु आरंभ तेथून झाला. २००० सालानंतर त्या बागांवर हेलिकॉप्टर फिरलें नाहीं, आणि १३ मे २०११ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें सबंध देशांत एंडोसल्फानचें उत्पादन, विक्री व वापर थांबविला.

ही दूरदेशची गोष्ट म्हणून मी सोडून देत होतों. परंतु एकदां भाद्रपदांत बल्लारपुराहून पूर्वेकडे जातांना रस्त्याच्या दोन्ही बाजूंचा साग करपल्यासारखा दिसला. गाडी थांबवून पान हातीं घेतलें तों त्याची नुसती जाळी उरली होती. पानाचा गर खाऊन शिरा तेवढ्या ठेवणारी ही अळी आमच्या भागांत नवी नाहीं. झाड तिच्यामुळें सहसा मरत नाहीं, पुन्हां पालवतें. मात्र लांकडाची वाढ खुंटते, आणि लांकूड म्हणजे पैसा. १९६५ सालीं केरळांत कोन्नी येथें सागाच्या लागवडीवर पान खाणाऱ्या अळीसाठीं विमानांतून विष फवारून पाहिलेंच होतें. त्या जाळीदार पानाकडे पाहातांना मला सागापेक्षां त्याच्या खालचें रान दिसूं लागलें. तेथें मोहफुलें वेंचणारीं मुलें आहेत, तेंदूपानें तोडणाऱ्या माझ्या मामांसारखे लोक आहेत, मधाचीं पोळीं आहेत, आणि ज्यांतून गुरें व माणसें दोघेंहि पाणी पितात ते नाले आहेत. वरून येणारा फवारा यांतील कोणास वगळील?

या प्रश्नाचें अर्धें उत्तर मला गडचिरोलीकडेच मिळालें. धानोरा तालुक्यांतील मेंढा-लेखा या गोंडांच्या लहानशा गांवास २००९ सालीं सुमारें १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला, हें पुष्कळांस ठाऊक असेल. ज्या २००६ च्या वन हक्क कायद्यानें तो मिळाला, त्याच्या पांचव्या कलमानें ग्रामसभेला आपल्या हद्दीतील रान, वन्य जीव व पाण्याचे उगम राखण्याचा अधिकार दिला आहे. परंतु मला त्याहून महत्त्वाचें वाटलें तें तेथलें अभ्यास गट. गांवासंबंधीं कांहीं ठरवावयाचें तर तेथें आधीं माहिती मिळवितात, जाणकारास बोलावून ऐकतात, आणि सर्वांचें एकमत झाल्यावरच ठराव करतात. अर्थात् कागद आढ्याला खोंचून ठेवीत नाहींत.

आतां मी आमच्याच भागांतील एका खेड्यांत शिकवितों. आमच्या गांवाला जंगल नाहीं, हक्काचा कायदाहि नाहीं. मारुतीच्या देवळापुढें पार मात्र आहे. हंगाम सुरू होण्यापूर्वीं शनिवारीं रात्रीं तेथें मुलें आळीपाळीनें औषधांचे कागद मोठ्यानें वाचतात. पहिल्या वर्षीं हंशा पुष्कळ झाला. एक वृद्ध कास्तकार रागानें म्हणाले, "मास्तर, फवारलं नाही अन् बोंडं गेली, तर तुमची शाळा भरून देईल का?" मजपाशीं उत्तर नव्हतें व आजहि नाहीं. तेव्हां फवारूंच नका असें आम्ही कोणास सांगत नाहीं. फवारणीच्या आदल्या दिवशीं शेजारच्या वावरवाल्यास व गुराख्यास कळवावें, पंप नाल्यांत धुऊं नये, रिकामी बाटली भोंक पाडून निकामी करावी, एवढेंच ठरलें. पहिलें बरेंचसें पाळलें जातें. दुसरें पाळलें जात नाहीं. नाला जवळ आणि विहीर लांब. बाटलीचें मात्र बायकांनीं मनावर घेतलें. जुलै २०१३ मध्यें बिहारांत गंडामन येथील शाळेंत दुपारचें जेवण जेवून २३ मुलें दगावलीं. त्या अन्नाच्या तेलांत मोनोक्रोटोफॉस होतें. ही बातमी एका मुलीनें वाचून दाखविली त्या रात्रीं पारावर कोणी हंसलें नाहीं. दुसऱ्या दिवशीं तीन घरांतून तेला-रॉकेलाच्या म्हणून ठेवलेल्या जुन्या बाटल्या बाहेर आल्या, त्यांत एक माझ्या आईची होती.

मामा आतां पंप उचलीत नाहींत, पण त्यांचा मुलगा उचलतो. त्यांची नात सहावींत आहे. बाप वावरांत निघाला कीं ती खोक्यांतला कागद काढून घेते आणि दाराजवळच्या भिंतीवर कोळशानें त्या दिवसाच्या औषधाचें नांव व उतारा लिहिते. मोठालीं अक्षरें, रात्रीं धांवत आलेल्या माणसासहि वाचतां येतील अशीं. परवां मी गेलों तेव्हां भिंतीवर आदल्या आठवड्याचें नांव पुसून नवें लिहिणें चाललें होतें. मामा ओट्यावर बसून पाहात होते. मला म्हणाले, "एवढं एक पाहून दे बाबू, बरोबर लिवलं आहे का." मीं कागद हातांत घेतला आणि एक एक अक्षर लावून ताडून पाहिलें. एक वेलांटी चुकली होती, ती तिनें सुधारली.