मुलाम्याची बाजू

मराठी शिकवून पोट भरणाऱ्या माणसाला शब्दांची वकिली करण्याची खोड लागते. 'मुलामा' या बिचाऱ्या शब्दावर आपण फार अन्याय केला आहे, असे माझे मत आहे. ढोंगी माणसाच्या गोड बोलण्याला मुलामा म्हणायचे आणि त्याचे पितळ उघडे पडले की टाळ्या पिटायच्या! वाचकहो, एक दिवस माझ्याबरोबर कोल्हापुरात हिंडा आणि मग निकाल द्या.

अंबाबाईचे दर्शन घेऊन महाद्वारातून बाहेर पडले की गुजरी जवळच. सराफांच्या काचेआड साज झळकत असतात. चंद्र, शंख, मासा, कासव, भुंगा अशी त्यांची पाने. जुन्या घडणीत सोन्याचा पातळ पत्रा ठशावर उठवून आत लाख भरतात. म्हणजे अस्सल साजाच्या पोटातही लाखच! त्याला मात्र कोणी ढोंगी म्हणत नाही.

ज्यांना तेवढेही सोने परवडत नाही, त्यांच्यासाठी मुलाम्याचा साज. तांब्या-पितळेचा दागिना सोन्याच्या क्षाराच्या द्रावात बुडवून विजेच्या ऋण टोकाला जोडतात. द्रावातले सोने त्याच्यावर येऊन बसते. बर्मिंगहॅमच्या एल्किंग्टनांनी १८४० साली या विद्येचे पेटंट घेतले. थराची जाडी मायक्रॉनमध्ये मोजायची. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. एवढ्याशा सोन्यावर एखादी पोर बोहल्यावर ताठ मानेने उभी राहते. दुकानदाराने मुलामा आहे असे सांगून विकला, तर त्यात फसवणूक कसली?

आता शिवाजी उद्यमनगरात चला. कोल्हापूर हे ओतकामाचे आणि यंत्रांच्या सुट्या भागांचेही गाव. यंत्राच्या जगात थर नटण्यासाठी नसतो. दांड्यावर क्रोमचा कठीण थर दिला की तो घासून लवकर झिजत नाही. लोखंडी बोल्टावर जस्त चढवले की गंज दूर राहतो. ओरखडा पडून लोखंड उघडे पडले, तरी जस्त आधी स्वतः झिजते आणि लोखंडाला वाचवते. असा शेजारी कोणत्या आळीत मिळतो?

आणि कल्हई! ताक किंवा चिंचेची आमटी तांब्या-पितळेच्या भांड्यात कळकते. म्हणून नवसागराने भांडे साफ करून त्यावर कथील फिरवायचे. कथील २३२ अंश सेल्सिअसला वितळते, त्यामुळे कल्हईवाल्याचा लहानसा भाताही पुरे होई. त्या थराने पिढ्यान् पिढ्या पोटे सांभाळली.

वकील असलो तरी दुसरी बाजू लपवणार नाही. सोन्याच्या द्रावात बहुधा सायनाइड असते आणि क्रोमचा नेहमीचा द्राव कर्करोगाला आमंत्रण देणारा. ते पाणी शुद्ध न करता सोडले, तर कामगाराच्या हातांपासून पंचगंगेच्या काठच्या गुरांपर्यंत सर्वांना त्याची झळ. तेव्हा शब्दाला नावे ठेवण्यापेक्षा दोन प्रश्न विचारावेत : थर किती जाड आहे, आणि द्रावाचे पाणी कुठे जाते? दोन्हींची सरळ उत्तरे मिळाली, तर साज खुशाल घ्यावा.