गंगेपलीकडच्या मातीच्या भिंती

पाटण्याहून महात्मा गांधी सेतूने गंगा ओलांडली, की हाजीपूरच्या केळीच्या बागा लागतात आणि पुढे मुझफ्फरपूरकडे लिचीची गर्द झाडी. वाचकहो, या सुपीक, ओलसर मुलखात कधी गेलात, तर एखाद्या साध्या घराची भिंत जवळून पाहा. मातीने लिंपलेली, ठिकठिकाणी चिरा पडलेली, आणि शेजारीच गोठा. त्या चिरांत वाळूमाशी दडून बसते. आकाराने ती डासाच्या तिसऱ्या हिश्श्याएवढी आणि उडताना आवाजही न करणारी. रात्री चावते आणि काला आजाराचे परजीवी रक्तात सोडते. यासाठी भिंतींवर 6 फुटांपर्यंत कीटकनाशक फवारतात. पुढे सणासाठी घर लिंपले, की ते औषध मातीखाली गाडले जाते. पण घर नीटनेटके ठेवणाऱ्या गृहिणीला दोष कसा द्यावा?

एरवी या रोगावर लायपोसोमल अँफोटेरिसिनची एकच मात्रा बहुधा पुरते. रुग्णाला एचआयव्हीची बाधा असेल, तर मात्र चित्र पालटते. परजीवी रोगप्रतिकारक पेशींच्या आतच वस्ती करतो आणि एचआयव्ही त्याच पेशींचे बळ हरण करतो. ताप उतरतो, प्लीहा ओसरते. पण परजीवी पुरता जात नाही आणि काही महिन्यांनी आजार पुन्हा डोके वर काढतो. म्हणून अशा रुग्णांसाठी जागतिक आरोग्य संघटनेने 2022 मध्ये इंजेक्शनांसोबत मिल्टेफोसिनच्या कॅप्सूल देण्याचा, दोन आठवड्यांचा उपचार सुचवला. त्यामागील एक महत्त्वाचा अभ्यास पाटण्यातच झाला होता. एचआयव्हीची औषधे अर्थात जन्मभर घ्यावीच लागतात.

याच गावांतील तरुण मुंबई-पुण्यात गवंडीकाम करतात, रंग देतात, आपल्या इमारतींवर पहारा ठेवतात. इथे त्यांना ताप आला, की मलेरिया, टायफॉइड, क्षय यांचा शोध घेतला जातो. गावी काला आजार झाला होता, हे त्यांना सांगायचे सुचत नाही. एचआयव्हीबद्दल तर ते भीतीने गप्प राहतात. अशा कोणाला दोन आठवड्यांहून अधिक ताप असेल, डाव्या बरगडीखाली जडपणा वाटत असेल, तर गावाची चौकशी आपुलकीने, एकांतात करा. सोबत बसल्या-जेवल्याने काला आजार किंवा एचआयव्ही लागत नाही.

आणखी एक गोष्ट त्याला आवर्जून सांगा: गावाकडचे उपचाराचे कागद जपून ठेव. बोटातील थेंबभर रक्ताची तपासणी बरे झाल्यावरही दीर्घकाळ दोषी येते. त्यामुळे आजार उलटला का, हे ठरवण्यासाठी बहुधा अस्थिमज्जा किंवा प्लीहेतील द्राव तपासावा लागतो. ती तपासणी करायची, हे डॉक्टरांना त्या जुन्या कागदांवरूनच सुचते.