परक्या शहरांतील जमाखर्च

चीन देशाशीं माझा परिचय म्हटला तर एका शब्दापुरता. शाकुंतलाच्या पहिल्या अंकांत 'चीनांशुक' हा शब्द येतो, आणि वर्गांत तो शिकवितांना मी मुलांना सांगत असें कीं, चीनांशुक म्हणजे चीन देशांतून आलेलें तलम रेशमी वस्त्र. कौटिल्याच्या अर्थशास्त्रांतहि 'चीनपट्टा'चा उल्लेख आहे. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ सालीं वैद्यकीय पथकाबरोबर तिकडे गेले व १९४२ सालीं तिकडेच कालवश झाले, हेंहि आमच्या पिढीला ठाऊक. परंतु त्या देशांत भाजीला काय पडतें, रस्ता कसा विचारावा आणि पेन्शनवर जगणाऱ्या मनुष्यानें तेथें दोन महिने कसे काढावे, याची माहिती कोणत्याहि काव्यांत वा कोशांत मिळत नाहीं. ती मीं वहींत टिपून आणली आहे. वाचकांपैकीं पुष्कळांचीं मुलें आतां दूरदेशीं असतात, म्हणून त्या वहींतील कांहीं भाग येथें देतों.

आमचा चिरंजीव शांघाय येथें एका कारखान्यांत इंजिनियर आहे. २०२४ सालीं दसरा झाल्यावर आम्हीं उभयतां त्याच्याकडे गेलों. इकडून तिकडे जाणारीं थेट विमानें २०२० पासून बंद होतीं. तीं २०२५ च्या अखेरीस पुन्हां सुरू झालीं. त्यामुळें आम्हांला बँकॉकवरून वळसा घालावा लागला. परकी मनुष्य हॉटेलांत न उतरतां कोणाच्या घरीं उतरला, तर चोवीस तासांच्या आंत पोलिसांकडे नोंद करावी लागते. म्हणून तेथील पहिली सकाळ आम्हीं चौकींत घालविली. अधिकारी अगदीं तरुण होता. त्यानें सौभाग्यवतींना खुर्ची दिली आणि कढत पाण्याचा पेला पुढें केला. त्या देशांत लहानथोर सारे कढत पाणीच पितात, आणि आमच्या घरांत एका व्यक्तीला हें पाहून परमसंतोष झाला, कारण गेलीं चाळीस वर्षें ती मला तेंच सांगत आली आहे.

नाण्याला तेथें युआन म्हणतात, पण बोलण्यांत 'क्वाय'. त्याचा दहावा भाग 'ज्याओ', पण बोलण्यांत 'माओ'. आम्हीं गेलों तेव्हां एका युआनाला सुमारे बारा रुपये पडत. पहिले आठ दिवस मी प्रत्येक किंमतीला बारानें गुणीत असें, आणि प्रत्येक वेळीं जेवणाची इच्छा नाहींशी होत असे. मग ती खोड मीं सोडली. दिवसाला दोघांचे मिळून १०० युआन ठरविले आणि शंभरांत काय बसतें एवढेंच पाहूं लागलों. एक गोष्ट मात्र ध्यानांत ठेवावी. बाजारांत फळांवर व भाजीवर जो भाव लिहिलेला असतो तो किलोचा नसून 'जिन'चा असतो, आणि जिन म्हणजे अर्धा किलो. संत्रीं स्वस्त दिसलीं म्हणून हुरळून जाऊं नये.

त्याहून बिकट प्रश्न पैसे देण्याचा. तेथें भाजीवालीपासून चांभारापर्यंत सर्वांजवळ चौकोनी ठिपक्यांचा कागद टांगलेला असतो, आणि गिऱ्हाईक त्यावर मोबाईल धरतें. आपल्याकडेहि आतां तीच रीत झाली आहे, म्हणून मला नवल वाटलें नाहीं. पण आपली सोय तिकडे चालत नाहीं. २०२३ पासून अलीपे व वीचॅट या दोन्ही ठिकाणीं परदेशी बँकेचें कार्ड जोडतां येतें. पासपोर्ट दाखवावा लागतो. एका वेळीं २०० युआनपर्यंत खर्च केला तर वर कांहीं पडत नाहीं. त्याहून अधिक झाला तर शेंकडा ३ जादा घेतात. आपल्या बँकेचा वटाव तो वेगळाच.

चिरंजीव म्हणाला, "बाबा, माझेंच कार्ड तुमच्या मोबाईलला जोडतों, म्हणजे कटकट नको." मीं नको म्हटलें. मुलाचे पैसे घेण्यांत कमीपणा आहे असें मी मानीत नाहीं. परंतु दुसऱ्याच्या कार्डांतून जो पैसा जातो तो गेलेला दिसत नाहीं, आणि जो दिसत नाहीं त्याचा हिशेब वहींत खरा उतरत नाहीं. माझें पेन्शनचें कार्ड जोडायला त्याला संध्याकाळ लागली. रागावला नाहीं, पण दोन वेळां सुस्कारा टाकला.

सौभाग्यवतींनीं मोबाईलला हात लावला नाहीं. त्यांनीं बटव्यांत नोटा ठेवल्या. रोकड नाकारणें तेथें नियमाविरुद्ध आहे, म्हणून कोणी नाहीं म्हणत नाहीं. पण शंभराची नोट पुढें केली कीं दुकानदार चार खण उघडून मोड शोधूं लागतो. म्हणून एक युआनचीं नाणीं व पांच-दहाच्या नोटा जवळ असाव्या. भाजीबाजारांत ह्यांच्याप्रमाणेंच नाणीं मोजून देणाऱ्या एक चिनी आजीबाई होत्या. भाषेचा एक शब्द समान नसतां दोघी रोज सकाळीं एकमेकींच्या पिशव्या तपासून पाहत. आंकडे त्यांनीं ह्यांना बोटांनीं शिकविले. चिनी लोक एका हातानें दहापर्यंत मोजतात. आंगठा व करंगळी उभी केली म्हणजे सहा, आंगठा व तर्जनी म्हणजे आठ. आमच्या मंडळींचा घासाघिशीचा सारा व्यवहार पुढें त्या खुणांवरच चालला, आणि माझ्या पुस्तकी उच्चारांपेक्षां बरा चालला.

आतां वाट चुकण्याविषयीं. मास्तराच्या जातीला चिनी रस्त्यांसारखी आनंदाची दुसरी वस्तु नाहीं. जुन्या शहरभागांत पूर्वपश्चिम जाणाऱ्या बहुतेक मोठ्या रस्त्यांना चीनमधील शहरांचीं नांवें आहेत आणि दक्षिणोत्तर रस्त्यांना प्रांतांचीं. लांब रस्त्याचे पुन्हां भाग पाडून त्यांपुढें दिशा लावतात: दोंग म्हणजे पूर्व, शी म्हणजे पश्चिम, नान दक्षिण, बेइ उत्तर, आणि झोंग मध्य. बीजिंग म्हणजे उत्तरेची राजधानी व नानजिंग म्हणजे दक्षिणेची, हा समास एकदां सुटला कीं निम्मी भूगोलाची परीक्षा उत्तीर्ण. पाट्यांवर रोमन अक्षरेंहि असतात. गूगलचे नकाशे तेथें उपयोगी पडत नाहींत. गावदे नांवाचा चिनी नकाशा चिरंजीवानें मोबाईलवर घालून दिला होता. तरीहि घराचा पत्ता चिनी लिपींत लिहिलेली चिठ्ठी मी खिशांत बाळगीत असें. बॅटरी संपते, चिठ्ठी संपत नाहीं. रस्ता ओलांडतांना आधीं डावीकडे पाहावें, कारण वाहनें उजव्या बाजूनें चालतात, आणि विजेच्या दुचाक्या मांजराच्या पावलांनीं येतात.

मेट्रो १९९३ सालीं सुरू झाली आणि आज ती आठशें किलोमीटरांहून अधिक पसरली आहे. पहिल्या सहा किलोमीटरांना ३ युआन, पुढें दर दहा किलोमीटरांना एक. पुडोंग विमानतळापासून शहराच्या मध्यभागीं पीपल्स स्क्वेअरपर्यंत यावयाला अवघे ७ युआन पुरतात. त्याच विमानतळावरून चुंबकाच्या बळावर तरंगत धावणारी एक गाडी निघते. तिचे तीस किलोमीटरांना ५० युआन पडतात, त्याच दिवसाचें विमानाचें तिकीट दाखविल्यास ४०. पूर्वीं ती ताशीं ४३१ किलोमीटर धावे, अलीकडे वेग ३०० वर आणला आहे. आणि इतकें करून ती शहराच्या मध्यापर्यंत जातच नाहीं, पुढें मेट्रो धरावी लागते. एकदां कौतुकानें बसावें, रोजच्या उपयोगाची नव्हे.

मेट्रोचा एका दिवसाचा पास १८ युआनांना मिळतो व तीन दिवसांचा ४५ ला. मीं हिशेब केला: आम्हीं दिवसांतून दोन, फार तर तीन वेळां बसत असूं, म्हणजे पासांत नुकसानच. २० युआन अनामत ठेवून साधें कार्ड घेतलें. त्याचा आणखी एक फायदा असा कीं, बसमधून उतरून दोन तासांच्या आंत मेट्रो धरली तर एक युआन सूट मिळते. बसचे बहुधा सरसकट २ युआन असतात; रोख टाकावयाचे तर नेमके टाकावे, मोड परत मिळत नाहीं. हुआंगपू नदी ओलांडणारी नावहि २ युआनांतच नेते, आणि तिच्यावरून दोन्ही तीर जसे दिसतात तसे मोठमोठाल्या तिकिटांच्या मनोऱ्यांवरूनहि दिसत नसतील. प्रत्येक स्टेशनांत सामान यंत्रांतून तपासून घेतात. सौभाग्यवतींच्या पिशवींतील लोणच्याच्या बरणीची त्यांनीं दोनदां चौकशी केली.

शाकाहाराची काळजी वाटते तितकी करूं नये. 'वो छ्र सू', म्हणजे मी शाकाहारी आहें, एवढें पाठ करावें. पण साध्या खाणावळींत चरबी व रस्सा यांची खात्री देतां येत नाहीं. बुद्धमंदिरांतील खाणावळी मात्र निर्धास्त. लोंगहुआ मंदिरांत मिळणाऱ्या शाकाहारी शेवयांच्या वाडग्यावर आमचें दुपारचें जेवण पुष्कळदां झालें, आणि दोघांचे मिळून पन्नासांच्या आंत भागलें. नानजिंग रस्त्यावर १९२२ सालीं निघालेलें गोंगदलिन नांवाचें उपाहारगृह आहे. तेथील जेवण रुचकर, परंतु आमच्या शंभरांत न बसणारें, म्हणून पाडव्याच्या दिवशीं एकदांच गेलों. त्याच आठवड्यांत माओमिंग रस्त्यावर रवींद्रनाथ टागोरांचा अर्धपुतळा पाहून आलों. २०१० सालीं आपल्या प्रतिभाताई पाटील राष्ट्रपति असतांना त्यांच्या हस्तें त्याचें अनावरण झालें. तेथपर्यंतचा खर्च, मेट्रोचे माणशीं ४ युआन.

एका रात्रीं मी वही ताडून पाहत होतों. चिरंजीव जवळ येऊन बसला. बराच वेळ आंकडे पाहत होता. मग म्हणाला, "बाबा, माझाहि मांडून पाहूं या का?"

आमचें कुटुंब वाईस एकत्र राहतें. तिघे बंधू, एक स्वयंपाकघर. वाड्याचें छप्पर गळतें, आणि निघतांना थोरल्या बंधूंनीं मला बजावलें होतें, "त्याच्याजवळ कौलांची गोष्ट काढ. तो लाखांनीं मिळवतो, त्याला काय जड आहे?" ती गोष्ट मीं महिनाभर काढली नव्हती. आतां वहीचें कोरें पान घेतलें आणि त्यानें सांगितलें तसें लिहीत गेलों. घरभाडें महिना ७,००० युआन. तेंहि महिन्याला देत नाहींत, तीन महिन्यांचें आगाऊ आणि एका महिन्याचें अनामत, म्हणजे घरांत पाऊल टाकण्याआधींच २८,०००. पुढें नातीच्या शाळेची फी, विमा, दरवर्षीं घरीं येण्याचीं तिकिटें, आणि वाईला दरमहा पाठविले जाणारे ४०,००० रुपये. पान भरलें. खालीं बाकी लिहावयाची वेळ आली तेव्हां तो उठून खिडकीशीं गेला. सूनबाई आंतून म्हणाल्या, "कौलांसाठीं कर्ज काढायचं त्यांनीं ठरवलं आहे, तुम्हांला सांगूं नका म्हणाले." कौलांचें त्याला कोणी कळविलें हें मीं विचारलें नाहीं. आमच्या घरांत पत्रें जातात आणि फोनहि जातात.

डिसेंबरांत परत आलों. पहिल्याच रात्रीं जेवणें झाल्यावर वही थोरल्या बंधूंपुढें ठेवली. त्यांनीं चष्मा लावून शेवटचें पान दोनदां वाचलें, मग मागचींहि पानें उलटलीं. "जिन म्हणजे अर्धाच किलो?" एवढेंच त्यांनीं विचारलें. वहिनी म्हणाल्या, "पोराला सांगा, कर्ज काढूं नकोस म्हणावें." खर्च तिघां भावांत वांटून घेण्याचें ठरलें. त्या उन्हाळ्यांत मागच्या पडवीचीं कौलें बदललीं. पुढच्या सोप्याचीं अजून तशींच आहेत.