पावणेदोन तास आणि चार महिने

मुंबई ते बेंगळुरू हे हवाई अंतर सुमारे 840 किलोमीटर आहे. विमानाला ते कापण्यास साधारण पावणेदोन तास लागतात. विमानतळावरची प्रतीक्षा आणि नेलमंगल, कुणिगल, हिरीसावे या मार्गाने पुढचा मोटारीचा प्रवास धरला, तरी पहाटे घर सोडलेला यात्रेकरू सायंकाळपूर्वी श्रवणबेळगोळला पोहोचतो. फाल्गुनात 80 वर्षांच्या आईला घेऊन मी असाच गेलो. तिच्या गुडघ्यांना याहून लांबचा प्रवास सोसणार नाही, असे माझे मत होते.

आमच्याआधी माझी थोरली बहीण तिकडेच निघाली होती. बहीण ती संसारातील नात्याने; आर्यिका दीक्षेनंतर त्या आम्हा सर्वांच्या माताजी झाल्या. मुंबईतील चातुर्मास संपवून कार्तिकात त्यांचा संघासह विहार सुरू झाला. वाहन वर्ज्य, पादत्राणे वर्ज्य. ईर्यासमितीनुसार चार हात पुढची भूमी पाहत, दिवसाच्या उजेडातच चालायचे. रोजची मजल 15-20 किलोमीटरांची, मधून मधून गावोगावी मुक्काम. पुणे, कोल्हापूर, बेळगाव, धारवाड, चित्रदुर्ग, तिपटूर अशी ती वाट पुरी होण्यास जवळजवळ 4 महिने लागले.

श्रवणबेळगोळची भूमी अशा पायी येणाऱ्यांचीच आहे. उत्तरेत 12 वर्षांचा दुष्काळ पडला तेव्हा आचार्य भद्रबाहू संघासह दक्षिणेत आले, त्यांच्यासोबत चंद्रगुप्त मौर्यही होते, अशी परंपरा आहे. समोरच्या चंद्रगिरीवर भद्रबाहूंची गुंफा आहे.

दुसऱ्या दिवशी आई डोलीतून विंध्यगिरीवर गेली. सहाशेहून अधिक पायऱ्या. मी अनवाणी मागे. इ. स. 981 च्या सुमारास चावुंडरायांनी घडविलेली बाहुबलींची 58 फुटी मूर्ती पाहून ती बराच वेळ निःशब्द बसली. मूर्तीच्या पायाशी कोरलेला मराठी लेख दाखवला, तेव्हा म्हणाली, “इथंही आपली भाषा!”

दुपारी माताजींचे दर्शन झाले. आईने आपल्याच लेकीसमोर हात जोडून “वंदामि, माताजी” म्हटले. माताजींनी पिच्छी उचलून आशीर्वाद दिला. त्यांच्या टाचांना भेगा पडल्या होत्या. आईची नजर तिथेच खिळली. पण तिने विचारले काही नाही.

माताजींनीच विचारले, “आम्ही धारवाडवरून आलो तेव्हा ज्वारी पोटरीला आली होती. आता काढणी झाली का?”

मी निरुत्तर झालो. धारवाड केव्हा मागे पडले, ठाऊक नव्हते. ऊन नको म्हणून मीच खिडकी बंद केली होती. आई शेतकऱ्याची लेक. तिलाही सांगता आले नाही, याचे तिला फार लागले.

त्या रात्री तिने परतीचे विमान रद्द करावयास लावले. आम्ही बेंगळुरूहून धारवाड-मिरज मार्गाच्या रेल्वेने निघालो. गुडघे दुखत असूनही आई खिडकीपाशी बसून राहिली. धारवाडच्या अलीकडे काळ्या रानात कडब्याच्या पेंढ्या उभ्या होत्या.

“काढणी झाली,” ती म्हणाली. “संघाबरोबरच्या श्रावकांना फोन कर. माताजींना निरोप द्या म्हणावं.”